फाडलेले पत्र

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी संध्याकाळी आमच्या घराच्या ओटीवर बारा माणसे एका चित्रपटावरून भांडली. भांडण म्हणजे हातघाई नव्हे. परंतु चहा निवून गेला तरी कोणी आपला मुद्दा सोडला नाही, आणि निरोप घेताना दोघा जुन्या स्नेह्यांनी एकमेकांकडे पाहण्याचे टाळले, एवढे मात्र खरे. वसईच्या आमच्या धर्मग्रामातील चार-पाच कुटुंबे महिन्यातून एकदा कोणा एकाच्या घरी जमतात, एखादा जुना चित्रपट पाहतात आणि त्यावर बोलतात, असा काही वर्षांचा परिपाठ आहे. त्या दिवशी पाळी आमची होती व चित्रपटही आम्हीच निवडला होता : आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५८ सालचा 'व्हर्टिगो'. एक चांगली रहस्यकथा मंडळींना दाखवावी, यापलीकडे आमच्या मनात काही नव्हते. ती रहस्यकथा आमच्याच स्वयंपाकघरापर्यंत येईल अशी कल्पना असती, तर कदाचित आम्ही दुसरा चित्रपट निवडला असता.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक सांगणे भाग आहे. त्यातील रहस्य उघड केल्यावाचून पुढचे काही बोलता येत नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

सॅन फ्रान्सिस्को शहरातील स्कॉटी हा गुप्त पोलीस. छपरांवरून एका गुन्हेगाराचा पाठलाग करताना तो घसरतो आणि पन्हाळीला लोंबकळतो. त्याला वाचवायला आलेला शिपाई खाली कोसळून मरतो, आणि तेव्हापासून उंचीवरून खाली पाहिले की स्कॉटीला घेरी येते. नोकरी सोडून बसलेल्या या माणसाला एल्स्टर नावाचा जुना मित्र गाठतो व आपल्या पत्नीवर, मॅडलिनवर, नजर ठेवण्यास सांगतो. तिला तिच्या मृत पणजीने झपाटले आहे, असे तो भासवतो. स्कॉटी तिच्या मागे हिंडतो, ती पाण्यात उडी घेते तेव्हा तिला बाहेर काढतो, आणि तिच्यावर प्रेम करू लागतो. एके दिवशी ती एका जुन्या मिशन चर्चच्या मनोऱ्यावर धावत चढते. घेरीमुळे स्कॉटी जिन्यातच अडकतो, आणि खिडकीबाहेरून एका स्त्रीचा देह खाली पडताना त्याला दिसतो. या आघाताने त्याचे मन खचते. काही काळ तो रुग्णालयात नुसता बसून असतो. बरा होऊन बाहेर पडल्यावर त्याला रस्त्यात जुडी नावाची, दुकानात काम करणारी एक साधी मुलगी दिसते. चेहरा मॅडलिनचा. मग तो जुडीला मॅडलिनसारखाच करड्या रंगाचा पोशाख घ्यायला लावतो, तसेच जोडे, तसाच केसांचा रंग, तसाच अंबाडा. प्रेक्षकांना मात्र याच सुमारास कळते की ही जुडीच ती स्त्री होती. एल्स्टरने पत्नीच्या खुनावर पांघरूण घालण्यासाठी तिला मॅडलिनचे सोंग घ्यायला लावले होते, आणि मनोऱ्यावरून फेकला गेला तो खऱ्या पत्नीचा देह होता.

ही कथा मूळची फ्रेंच. पिएर बॉयलो आणि थॉमस नार्सजाक या लेखकद्वयाची १९५४ सालची ही कादंबरी. तिचा काळ दुसऱ्या महायुद्धाचा. ती पॅरिसमध्ये सुरू होते आणि मार्सेयमध्ये संपते. तिच्या शीर्षकाचा अर्थ 'मृतांमधून' असा आहे. फ्रेंच बायबलात प्रभूच्या पुनरुत्थानाविषयी हेच शब्द येतात. मृतांमधून कोणाला परत आणणे हे माणसाच्या हातचे काम नव्हे, हे ठाऊक असूनही एक माणूस ते करू पाहतो, अशी ही गोष्ट आहे. लेखकांनी शीर्षकातच ती सांगून ठेवली आहे.

आमच्या ओटीवर पहिला घाव घातला तो निवृत्त मुख्याध्यापकांनी. त्यांनी कादंबरी इंग्रजीतून वाचलेली. ते म्हणाले, "कादंबरीत खरी हकीकत शेवटी कळते. तोपर्यंत वाचकही त्या नायकाइतकाच आंधळा असतो. हिचकॉकसारख्या माणसानं चित्रपटाचा तिसरा भाग शिल्लक असताना सगळं सांगून टाकावं, म्हणजे परीक्षेच्या निम्म्या वेळात उत्तरपत्रिका वाटण्यासारखं आहे." त्यांच्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. या एका प्रसंगावरून चित्रपटाच्या कर्त्यांतच मतभेद झाले होते. प्रदर्शनापूर्वी तो प्रसंग काढून टाकण्यात आला व पुन्हा घालण्यात आला.

त्यांचा पुतण्या संगणक अभियंता. त्याला तर मुळापासूनच काही पटले नाही. "अर्धा तास एक मोटार दुसऱ्या मोटारीच्या मागे जाते. आणि खुनी माणूस सगळा बेत एका गोष्टीवर उभारतो, की याला जिन्यात घेरी येईल. नसती आली तर?" आम्हांला हसू आले, कारण १९५८ साली अमेरिकेतील कित्येक समीक्षकांनी नेमके हेच लिहिले होते : गती मंद, कथानक अविश्वसनीय. दुसऱ्या काहींनी स्तुतीही केली. सुमारे २५ लाख डॉलर खर्चून काढलेला हा चित्रपट जेमतेम आपला खर्च भरून काढू शकला. नायक जेम्स स्ट्युअर्ट आणि नायिका किम नोव्हाक यांच्या वयांत सुमारे २५ वर्षांचे अंतर होते. अपयशाचे खापर हिचकॉक यांनी पुढे काही अंशी नायकाच्या वयावर फोडले.

त्यानंतर एक परिचारिका भगिनी बोलल्या. त्यांची तीस वर्षांची सेवा रुग्णालयात गेली आहे. त्यांना यात ना रहस्य दिसले, ना प्रेम. "हा माणूस बरा झालेला नव्हता. बोलायला लागला म्हणून त्याला घरी सोडला. असे रुग्ण मी पाहिले आहेत. घरच्यांना वाटतं, आता जेवतो, हिंडतो, म्हणजे बरा झाला." आमच्यापैकी कोणीही या बाजूने विचार केला नव्हता.

आणि मग नीतीचा प्रश्न निघाला, तो निघणारच होता. खुनी एल्स्टर सुटून जातो. फसवली गेलेली जुडी मरते. शेवटी स्कॉटी तिला त्याच मनोऱ्यावर ओढत नेतो, त्याची घेरी जाते, सत्य बाहेर येते. इतक्यात अंधारातून एक धर्मभगिनी वर येते, जुडी दचकते आणि तोल जाऊन पडते. धर्मभगिनी देवाच्या दयेची याचना करते आणि घंटा वाजवते. "धर्मभगिनीच्या पावलांनी कोणी मरावं, हे दाखवायची काय गरज होती?" असे एका ज्येष्ठ बाईंनी विचारले. हिचकॉक कॅथलिक घरात वाढलेले, लंडनमधील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेले. तेव्हा हा शेवट अज्ञानातून आलेला नाही, एवढेच उत्तर आम्ही देऊ शकलो. अमेरिकेतील चित्रपटांची जी नीतिसंहिता १९३० साली तयार झाली, तिचा मसुदा डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंनी मार्टिन क्विग्ली या कॅथलिक प्रकाशकाच्या साहाय्याने केला होता. गुन्हेगाराला मोकळे सोडू नये, असा तिचा दंडक. त्यासाठी एल्स्टरचा युरोपात शोध चालू असल्याची बातमी रेडिओवर येते, असा एक जादा शेवट चित्रित करून ठेवण्यात आला होता. प्रदर्शित चित्रपटात तो नाही. प्रेक्षक मनोऱ्याच्या कडेवर उभ्या असलेल्या स्कॉटीपाशीच सोडले जातात.

ती वास्तू खरी आहे. कॅलिफोर्नियातील संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे हे मिशन फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १७९७ साली स्थापिले, आणि तेथे आजही मिस्सा होते. मनोरा मात्र तेथे नव्हता. तो स्टुडिओत आणि चित्रकाराच्या कुंचल्याने उभा करण्यात आला. जिन्यावरून खाली पाहताना जमीन एकाच वेळी जवळ आणि दूर जाते असा जो भास होतो, त्यासाठी जिन्याची प्रतिकृती आडवी ठेवून, कॅमेरा मागे नेत असतानाच भिंगाने दृश्य जवळ ओढण्यात आले. अभियंता पुतण्याला चित्रपटातील एवढी एकच गोष्ट आवडली.

आमच्या ओटीवर मते फाटली यात नवल नव्हते; साऱ्या जगातच ती अशी फाटली आहेत, आणि काळाबरोबर बदललीही आहेत. हक्कांच्या कारणाने हा चित्रपट सुमारे दहा वर्षे लोकांना पाहावयास मिळत नव्हता. १९८३ नंतर तो पुन्हा पडद्यावर आला, आणि १९९६ साली त्याची जीर्ण प्रत मोठ्या कष्टाने दुरुस्त करण्यात आली. लंडनचे 'साइट अँड साउंड' हे मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. १९८२ साली 'व्हर्टिगो' पहिल्या दहांत शिरला, १९९२ साली चौथा आला, २००२ साली दुसरा, आणि २०१२ साली 'सिटिझन केन'ला मागे सारून पहिला. २०२२ साली तो पुन्हा दुसऱ्या स्थानावर आला. चित्रपट तोच, एकही फूल त्यात कोणी नव्याने वाढवलेले नाही. बदलला तो पाहणारा.

याचे कारण आमच्या मते मुख्याध्यापकांना न रुचलेल्या त्या प्रसंगातच आहे. हॉटेलच्या खोलीत जुडी एकटी आहे. ती स्कॉटीला पत्र लिहायला बसते, सारे कबूल करते, आणि मग ते पत्र फाडून टाकते. तोवर आपण स्कॉटीच्या डोळ्यांनी पाहत असतो, आणि मॅडलिन हे एक सुंदर कोडे असते. पत्र फाटले की कोडे संपते आणि आपल्यापुढे एक मुलगी उरते, जिला तिच्या स्वतःच्या रूपात कोणी नको आहे. हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत या बदलाचे कारण सांगितले आहे : सत्य आधी सांगितले, की 'पुढे काय' याऐवजी 'त्याला कळेल तेव्हा तो काय करील' या प्रश्नाने प्रेक्षक बांधला जातो. पण कोणा कोणा प्रेक्षकाच्या मनात तिसराच प्रश्न उठतो : आता तिचे काय होत असेल? ज्याला कोडे हवे होते तो येथे निराश होतो. ज्याची नजर जुडीकडे वळली, त्याला करड्या पोशाखाचा तो पुढचा अर्धा तास बसून पाहणे जड जाते. तो पोशाख किम नोव्हाक यांनाही आवडला नव्हता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. दिग्दर्शकाने तोच घालावयास लावला.

हे सारे आम्ही त्या संध्याकाळी मोठ्या आवेशाने मांडले. मग कोणीसे आमच्या पत्नीकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत." अशा बैठकीत ती सहसा बोलत नाही, चहा, खाणे, पंखा याकडे तिचे लक्ष असते. त्या दिवशी ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तिनं ते पत्र फाडायला नको होतं. दिलं असतं तर तो कदाचित निघून गेला असता. पण राहिला असता, तर तिच्यासाठी राहिला असता." आणि कप गोळा करून आत गेली.

येथे आम्हांला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही आमची दुसरी पत्नी. पहिली १९९६ साली, अल्पशा आजाराने, मुलगा सात व मुलगी चार वर्षांची असताना प्रभूकडे गेली. वडीलधाऱ्यांच्या आग्रहाने दोन वर्षांनी आम्ही पुन्हा लग्न केले. आमच्याकडे बाटली मसाला वर्षातून एकदा, उन्हाळ्यात होतो. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, कितीतरी जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे. आमच्या घरचे प्रमाण पहिल्या पत्नीच्या हातच्या एका चिठ्ठीत होते, आणि लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती चिठ्ठी आम्ही नव्या पत्नीच्या हाती दिली. मुलांना सवयीची चव मिळावी, असे आम्ही तिला सांगितले, आणि आमचे आम्हांलाही तेच सांगितले. तिच्या माहेरी तीळ अधिक आणि मिरची कमी, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले, तेही तिच्या भावाकडून.

नाताळला आम्ही तिच्यासाठी साडी आणत असू. ती बहुधा फिकट निळी असे. दुकानात आमचा हात त्याच रंगाकडे जाई, आणि का जातो हे आम्ही कधी स्वतःस विचारले नाही. पहिल्या वर्षी दोन-तीनदा आमच्या तोंडून दुसरेच नाव निघाले. तिने 'ओ' दिली. आम्हांला ते तिच्या मनाचे मोठेपण वाटले, आणि ते होतेही. परंतु तिला 'ओ' देताना काय वाटले असेल, हा विचार आम्ही केला नाही. चित्रपटाशी ही तुलना ताणू नये, हे आम्ही जाणतो. आमच्या घरात कोणी कोणाला फसवले नव्हते, कोणाचा छळ केला नव्हता. आमच्या पत्नीला या घरात मान होता व आहे. पण करडा पोशाख घेताना स्कॉटीलाही आपण काही वाईट करीत आहोत असे वाटत नव्हते. दुकानातील बाई तर म्हणत होती की या गृहस्थांना काय हवे ते नक्की ठाऊक आहेसे दिसते.

मंडळी गेल्यावर आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ती कप विसळत होती. आम्ही विचारले, "तूही असं एखादं पत्र कधी लिहिलं होतंस का?"

"पत्र कशाला लिहायचं? एकाच घरात तर राहतो आपण."

थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, ती म्हणाली, "मसाल्याची चिठ्ठी मात्र एकदा फाडावीशी वाटली होती. पहिल्याच वर्षी. मग ते अक्षर पाहिलं. मुलांच्या आईचं अक्षर. ठेवून दिली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रडला असता."

आम्हांला त्यावर काही बोलता आले नाही. ती म्हणाली ते खरे होते. आमच्या शोकाची एवढी काळजी त्या घरात सर्वांनी घेतली होती, की तिच्या आवडीनिवडींची चौकशी करायला कोणाला उसंत मिळाली नव्हती, आणि त्या सर्वांत पहिले आम्ही होतो. मृतांचे स्मरण करावे, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पावी, त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावावी, हे आम्हांला लहानपणापासून शिकवले आहे, आणि ते आम्ही करतो. परंतु कबरीवर लावायची मेणबत्ती आम्ही एका जिवंत बाईच्या हाती देऊन तिला तेथेच उभे करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीला फोन केला. ती आता परगावी असते, तिची स्वतःची मुले आहेत. आईच्या हातचा मसाला आठवतो का, असे विचारले. ती म्हणाली, "न आठवायला काय झालं? दर वर्षी पाठवते की ती." तिच्या मनात 'आईच्या हातचा' म्हणजे या आईच्या हातचा होता. जन्मदात्या आईची चव तिला आठवत नव्हती. चार वर्षांच्या पोरीला ती आठवणार तरी कशी? ज्यांच्यासाठी म्हणून आम्ही ती चिठ्ठी जपली, त्यांना तिची गरज किती होती, हे आम्ही सव्वीस-सत्तावीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

यंदा एप्रिलमध्ये मिरच्या अंगणात पसरल्या तेव्हा आम्ही पत्नीला म्हणालो, "या वर्षी तुझ्या माहेरच्या प्रमाणानं कर." तिने लगेच होकार दिला नाही. दोन दिवस विचार करून म्हणाली, "निम्मा तसा करते, निम्मा असा. पोरं मागतील." तसेच केले. बाटल्यांवर तिने दोन रंगांचे दोरे बांधले, म्हणजे घोटाळा होऊ नये. खरे सांगायचे तर तिच्या माहेरचा मसाला पहिले काही दिवस आम्हांला सपक लागला, आणि तसे आम्ही तिला सांगितलेही. ती हसली व म्हणाली, "लागू दे." आता तो अंगवळणी पडतो आहे. चिठ्ठी जुन्या प्रार्थनापुस्तकात आहे. ती तेथे ठेवण्याची सूचना तिचीच.

एक बाटली मुख्याध्यापकांना दिली. त्यांचे मत बदललेले नाही. पत्राचा प्रसंग ही चूकच, असे ते परवाही ठणकावून म्हणाले. आणि रहस्यकथेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोडून काढणे आम्हांला अजून जमलेले नाही. पुढच्या महिन्यात पाळी त्यांची आहे. विनोदी चित्रपट दाखवणार, असे त्यांनी आधीच जाहीर केले आहे.